अंतोनदादाची सुट्टी

माझा मोठा भाऊ बाजारात भाव वाढवून देतो.

मागच्या सुट्टीत तो आला होता, तेव्हा पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात झरीकडची एक म्हातारी सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली दीडशे. मी तिला ऐंशीवर आणलं, त्यात मला घाम फुटला. तेवढ्यात अंतोनदादा खाली वाकला.

"मावशी, एवढं ओझं डोक्यावर आणलं न वं? दोनशे घे."

म्हातारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या झग्याकडे पाहिलं आणि टोपलीवर फडकं टाकलं. "मले नाही विकाचे," म्हणाली. न मागता एवढा भाव देणारा माणूस पुढे काय मागेल, याची तिला भीती वाटली असावी. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. वाटेत दादा म्हणाला, "मावशी चांगली होती न?" मी रिकामी पिशवी काखेत मारून पुढे झालो.

हायवेवर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, पत्रे, काटेरी तार. भावात रुपया सोडायची वेळ आली की माझा आवाज चढतो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. अंतोनदादा आमच्याच घरातला, पण संन्यासी. आम्ही कॅथलिक. आमच्यात फादर असतात, तसे हे ब्रदर. अंगावर तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींचा दोर. तीन गाठी म्हणजे तीन शपथा: लग्न नाही, मालकी नाही, स्वतःची मर्जी नाही. ब्रदरांचा संघ पाठवेल तिथे जायचं. दादाला टांझानियातल्या एका मिशनच्या दवाखान्यात पाठवलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. मिशनरी परदेशातून इकडे येतात, एवढंच लोकांना माहीत. आमच्या पांढरकवड्यातून एक तिकडे गेला, असं सांगितलं की गिऱ्हाईक माझ्या तराजूवरही शंका घेतं.

तीन वर्षांतून एकदा नंबर लागला की तो दोन महिने घरी येतो. तिसऱ्या गाठीची त्याला इतकी सवय झाली आहे की ताटावर बसल्यावरही माझ्या बायकोला विचारतो, "मार्था, अजून एक भाकर घेऊ काय?" ती म्हणते, "घ्या न भाऊजी, घर तुमचंच हाय." घर तुमचंच म्हटलं की तो घाबरतो. दुसरी गाठ तर माझ्याच मुळावर उठली आहे. एकदा मी त्याच्यासाठी नागपुरातून लोकरीचं स्वेटर आणलं, दुकानदाराला रडवून. संध्याकाळी ते तेलंगणच्या एका ट्रक ड्रायव्हरच्या अंगावर दिसलं.

"दादा, ते तुह्यासाठी आणलं होतं."

"त्याले थंडी वाजून राह्यली होती."

"अन् तुले?"

"मले सवय हाय."

खरं सांगायचं तर त्या गाठीवरच माझं दुकान उभं आहे. शेवटची शपथ घेण्याआधी त्याने आपल्या वाट्याचं शेत माझ्या नावावर केलं. ते विकून मी पहिला माल भरला. मी शून्यातून वर आलो, असं मी लोकांना सांगतो. ते शून्य चार एकरांचं होतं. जेवायला बसताना देवाआधी मला दादा आठवतो, हे आजवर मी मार्थालाही सांगितलेलं नाही.

तरीही जवळजवळ तीन वर्षं मी त्याचा फोन उचलला नाही. कारण माय गेली तेव्हा तो आला नाही. त्या वर्षी सुट्टीचा नंबर त्याचाच होता, हे मला पक्कं माहीत होतं. फोनवर एवढंच म्हणाला, "लुक्या, मले निघता येत नाही." मी म्हणालो, "मग पुढंही येऊ नको." आता यंदाच्या डिसेंबरात येतो, घरी उतरू काय, असं त्याने मार्थाला विचारलं. मी म्हणालो, "मिशनात जागा हाय, तिथं उतर म्हणा." मार्थाने दोन दिवस माझ्यापुढे ताट नुसतं सरकवलं.

मागच्या आठवड्यात, दुपारी, नागपूरच्या बसमधून तसाच तपकिरी झगा घातलेला एक उंच आफ्रिकन माणूस उतरला. दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणाला, "भाऊ, बसू काय? पाय लय दुखून राह्यले."

पाइप कापणारा माझा गडी करवत धरून तसाच उभा राहिला.

हे ब्रदर बराका. दादासोबत सहा वर्षं राहिलेले, आता नागपूरला शिकायला आलेले. दादाने शिकवलेली वऱ्हाडी म्हणजेच अख्ख्या भारताची भाषा, अशी त्यांची समजूत होती.

"दिल्लीत पोलिसाले विचारलं, 'काहो, नागपूरचं इमान कोठून सुटते?' तो नुसता पाहेच. मले वाटलं, अंतोननं सहा वर्षं मले बनवलं. मंग नागपुरात रिक्षावाला म्हणे, 'कोठं जाचं हाय भाऊ?' मले रडूच आलं."

मी चहा मागवला. "पण तुम्हाले त्यानं आमची बोली कायले शिकवली?"

"तिथं त्याच्यासंग बोलायले कोणीच नोहतं."

मी विषय सोडला नाही. सोडायची मला सवय नाही. "माय गेली तवा काहून नाही आला तो?"

"त्याचा नंबर त्यानं केरळच्या एका ब्रदरले दिला होता. त्या पोराची माय अंथरुणाले लागली होती, तुमची धडधाकट होती. तो पोरगा केरळात पोचला अन् आठ दिवसांत तुमची माय गेली. दवाखान्यात अंतोन एकटाच. कसा निघन?"

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"म्हणे, लुक्या त्या पोराले शिव्या घालन."

घातल्या असत्या.

बराकांनी कप खाली ठेवला. "तुम्ही फोन उचलणं सोडलं न भाऊ, तवापासून तुमचं काम माह्याकडं आलं."

"माहं कोणतं काम?"

"जेवणं झाली का तो म्हणे, बराका, आता तू लुक्या हो. रागव मले." त्यांनी घसा खाकरला आणि अगदी माझ्या चढ्या आवाजात सुरू केलं, "मायच्या मातीले आला नाही तू. लोकायच्या माया बऱ्या करून राह्यला, आपलीले शेवटचं पाणी कोणं पाजलं? म्या." बोट नाचवणंही माझंच होतं. गडी तोंड फिरवून हसत होता. मला हसता येईना. हे शब्द मी दादाला कधीच बोललो नव्हतो. ते त्याने स्वतःच जुळवून बराकांकडून पाठ करून घेतले होते.

"अन् तो काय म्हणे?"

"काही नाही. मान खाली घालून आयकत बसे." बराकांनी कप पुन्हा उचलला. "आता मी इकडं आलो. तिकडं त्याले रागवायले कोणी नाही."

मी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. त्याने तोंड उघडायच्या आत मी सुरू झालो. मिशनात उतरशील तर तंगड्या तोडीन, म्हणालो. सीधा घरी ये. अन् यंदाचा नंबर आणखी कोण्या लेकाच्याले देशीन, तर मी स्वतः तिथं येऊन तुले उचलून आणीन, समजलं काय?

मी दम घ्यायला थांबलो, तेवढ्यात तो अगदी हळू म्हणाला, "अजून बोल न, लुक्या."