बाकावरचा तास

गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या मैदानावर नऊ मुलं काहीही करत नाहीत. बुटांच्या नाड्या आवळलेल्या, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले आणि एका लांब लाकडी बाकावर ओळीने बसलेली. समोर बाकीची मुलं सामना खेळत असतात. या नऊ जणांनी फक्त बसायचं. पूर्ण नव्वद मिनिटं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, पायाने माती उकरणं नाही. कुणाचा गुडघा जरा हलायला लागला की मागून आवाज येतो, "ए, शिलाई मशीन बंद कर."

हा आवाज भालेराव सरांचा.

पुण्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबची निवासी अकॅडमी निरगुडसरजवळ आहे आणि सर तिथले मुख्य प्रशिक्षक आहेत. मुलं चौदा-पंधराव्या वर्षी इथे येतात, राहतात, शिकतात, रोज दोन वेळा मैदानावर घाम गाळतात. त्यातला एखादाच पुढे क्लबच्या पहिल्या संघात जातो, टीव्हीवर दिसतो तो संघ. सर त्याला 'वरचा संघ' म्हणतात. एकोणिसावं वर्ष संपेपर्यंत वरून बोलावणं आलं तर आलं, नाहीतर बॅग भरायची, असा नियम आहे.

मी तिथल्या ऑफिसात काम करते. सर मराठीत जे बोलतात ते इंग्रजीत लिहून क्लबला पाठवायचं, हे माझं मुख्य काम. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला ही नोकरी मिळाली असं मी घरी सांगते. खरं कारण वेगळं आहे. मुलाखतीत मी जेमतेम तीन वाक्यं बोलले आणि मग वीस मिनिटं खुर्चीवर गप्प बसून राहिले. सर म्हणाले, "ही चालंल. हिला बसता येतं."

ते मला मॅडम म्हणतात आणि अगं-तुगं करतात.

"मॅडम, लिही. ह्यो म्हंजे माळशेज चढणारी यष्टी. चढताना लई दम, पण उताराला बिरेक न्हाई."

मी लिहिते : आक्रमणात ताकदवान, बचावासाठी मागे येताना शिस्त हवी.

"ह्यो बॉल मिळाला की लग्नातल्या आचाऱ्यागत करतो. पातेल्याला कुणाला हातच लावू देत न्हाई."

मी लिहिते : सहकाऱ्यांना पास देण्यात सुधारणेला वाव.

मग सर म्हणतात, वाचून दाखव. मी माझंच इंग्रजी पुन्हा मराठीत करून सांगते. सर डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी खिन्न होऊन विचारतात, "समदं बराबर हाय. पण ह्यात पोरगा कुठं हाय?"

तो बाक सरांनी मंचरच्या सुताराकडून मुद्दाम करून घेतला आहे. सुताराने विचारलं होतं, पाठ केवढी ठेवू? सर म्हणाले, पाठ नको. सुतार म्हणाला, "राव, मानसं टेकणार कशाला?" सर म्हणाले, "टेकायचंच न्हाई. पाठ टेकली की मानूस प्रेक्षक होतो."

बाकावरच्या तासाचे नियम आहेत. समोरचा खेळ सतत बघायचा. कुणी टाळी वाजवली, शिट्टी मारली, 'चल, चल' म्हणून ओरडलं, तरी उठायचं नाही. मैदानावर शंभर आवाज असतात, ते सगळे आपल्यासाठी नसतात. सरांनी ज्याचं नाव घेऊन 'ऊठ' म्हटलं त्याने मात्र त्या क्षणी उठायचं, धावत आत जायचं आणि चार मिनिटं खेळायचं. चारच. मग परत बाकावर. काही गुरुवारी सर कुणाचंच नाव घेत नाहीत.

कामावर लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी धीर करून विचारलं, "सर, यात मुलांचा वेळ नाही का जात?"

मी खोडदची. सरांनी तेच पकडलं.

"तुमच्या गावात त्या मोठाल्या अँटेना हायेत का न्हाईत?"

"आहेत."

"त्या काय करतात?"

"आकाशातून येणारे सिग्नल ऐकतात."

"रोज येतो का शिग्नल?"

"तसं नसतं सर. वाट बघावी लागते."

"तिथं कुणी म्हनतं का, ह्यांचा वेळ चाललाय म्हनून? घाई कुणाला हाय?"

'घाई कुणाला हाय' हे सरांचं आवडतं वाक्य. फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या तोंडी ते ऐकून पाहुणे दचकतात. मीही बरेच दिवस हा माणूस थोडा चक्रम आहे असंच समजत होते. मग एका गुरुवारी मी जे पाहिलं ते अजून मला नीट सांगता येत नाही.

सामना चालू होता आणि सर मैदानाकडे पाठ करून, बाकाकडे तोंड करून उभे होते. मी हजेरीचा कागद घेऊन त्यांच्या शेजारी गेले. ते मुलांच्या चेहऱ्यांकडे आणि गुडघ्यांकडे बघत होते आणि हळू आवाजात पुटपुटत होते. "आता डावीकून आला... एकाला चुकवलं... ह्यो पास चुकला. बॉल बाहेर." मी मैदानाकडे बघितलं. बॉल खरोखरच रेषेबाहेर घरंगळत होता. "आता कार्नर मारतील. मारला. गोलकीपरनं धरला." धरला होता. सलग दहा मिनिटं सरांनी एकदाही मागे वळून न पाहता सगळा सामना त्या नऊ मुलांच्या अंगावर वाचला. माझ्या हातातला कागद तसाच राहिला.

"जो खरा बघतो त्याचं अंग खेळतं," सर म्हणाले. "त्यो तिसरा बघ. डोळं हिकडं, चित्त जेवनावर. त्याच्या गुडघ्यात काय न्हाई." मग बोट सरळ शेवटच्या मुलाकडे गेलं. "आनी त्यो बघ."

शेवटचा मुलगा सोमनाथ लोहकरे. भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतला. घरी भाताची आणि नाचणीची खाचरं, आणि खेळायला सपाट जागा नाही, म्हणून तो फुटबॉल उतारावर खेळायला शिकलेला. बोलणं माझ्याइतकंच कमी. सर त्याला सोम्या म्हणत. तो हलत नव्हता, पण समोर कुणी धावायला लागलं की त्याच्या मांडीचे स्नायू ताणले जात आणि ते माझ्यासारखीलाही दिसत होते.

मार्च महिन्यात त्याचं एकोणिसावं संपणार होतं. दर तीन महिन्यांनी क्लबला जो फॉर्म जातो त्यात शेवटचा प्रश्न असतो : हा खेळाडू पहिल्या संघासाठी तयार आहे का? सोमनाथच्या नावापुढे सरांनी तीन वेळा मला लिहायला लावलं होतं, अजून नाही. चौथा फॉर्म शेवटचा. तेव्हाही 'नाही' गेलं असतं, तर क्लबने त्याला सोडलं असतं. चाकणच्या एका कंपनीत त्याच्या मामाने आधीच शब्द टाकून ठेवला होता.

जानेवारीत तो चौथा फॉर्म समोर आला. सर म्हणाले, "लिही. अजून न्हाई."

मी लिहिलं नाही. आयुष्यात मी फार कमी वेळा कुणाला उलट बोलले असेन. तेव्हा बोलले. "सर, तो गेला तर परत येणार नाही. आणि त्याच्यापेक्षा चांगला कुणी नाही, असं तुम्हीच म्हणता."

सरांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. रागावले असं मला वाटलं. मग त्यांनी महेशची गोष्ट सांगितली. महेश मी यायच्या आधीचा. सोमनाथपेक्षाही वेगवान. सतराव्या वर्षी वरच्या संघात गेला, गावात बॅनर लागले. तिथे तो अकरा सामने बाकावर बसला. बाराव्याच्या आधी एका रविवारी सर विहारातली वंदना आटोपून बाहेर आले, तर महेश बॅग घेऊन स्टँडवर उभा. पोट बिघडलंय म्हणाला. पोट बरं झालं, पण तो परत गेला नाही. आता नारायणगावला टोमॅटोची पिकअप चालवतो आणि सर दिसले की गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो.

"पाय लई चांगलं व्हतं त्याचं," सर म्हणाले. "मी त्याला पळायला शिकिवलं. बसायला न्हाई शिकिवलं. हितं रोज खेळनारं पोर तिथं जाऊन नुसतं बसतं, वळखीचं कुणी न्हाई, भाषा येगळी, जेवान येगळं. पोरं खेळानं हरत न्हाईत गं. बाक खातो त्यास्नी. टिकंल का ह्यो, येवढंच मला कळत न्हाई."

फॉर्म दोन दिवस माझ्या टेबलावर पडून राहिला. मधे गुरुवार आला. त्या दिवशी सरांनी बाकावरच्या आठ जणांना एकेकदा उठवलं. सोमनाथला नाही. नव्वद मिनिटं संपली. दुसरं एखादं पोर फणकारून निघून गेलं असतं. हा सरांजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "सर, आपला डावा बचाववाला दमला की पुढं सरकतोय. मागं घर उघडं पडतंय त्याचं. त्याला सांगा ना."

सर तसेच मागे वळले. ऑफिसात आले, टोपी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, लिही. हो."

"फक्त हो?"

"मंग काय, पोवाडा लिव्हतीस?"

सोमनाथ गेला. पंधरा दिवसांनी त्याचा पहिला फोन आला तेव्हा सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला, बाक कसा आहे? तो म्हणाला, बाक नाही सर, मोटारीसारख्या गादीच्या खुर्च्या आहेत. सर हादरले. "गादी? आरं मंग उठायचं कसं?"

त्यानंतर वरच्या संघाचा प्रत्येक सामना आम्ही ऑफिसात माझ्या लॅपटॉपवर पाहिला. म्हणजे मी आणि मुलं सामना पाहत होतो, सर बाक शोधत होते. कॅमेरा बॉलमागे धावला की ते वैतागत. "अगं, त्यांना बाक दाखवायला सांग की!"

"सर, ते माझं ऐकत नाहीत."

"तू बोलतच न्हाईस नीट कुणाशी."

सात सामने सोमनाथ बसून राहिला. सर रोज सकाळी मला विचारायचे, "त्याचा काय फोन?" आणि मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटतंय की वाईट, ते कळायचं नाही. संध्याकाळी निरगुडसरच्या फाट्यावर एस.टी. थांबली की ते मैदानावरूनच उतरणारी माणसं न्याहाळत. कुणी बॅगवाला दिसला की शिकवता शिकवता थांबत.

आठवा सामना दूर, दुसऱ्या राज्यात होता. आमचा क्लब एका गोलने पुढे. शहाऐंशी मिनिटं झाली आणि कॅमेरा अचानक बाकावर गेला. रेषेजवळ पंचांनी आकड्यांची पाटी वर धरली होती, सत्तावीस. परदेशी कोच मागे वळून तोच आकडा ओरडत होता. सत्तावीस म्हणजे सोमनाथ.

सोमनाथ बसून होता. पाठ ताठ, हात मांड्यांवर, नजर मैदानावर. गादीच्या खुर्चीवर पाठ न टेकता बसलेला तो एकटाच. कोच पुन्हा ओरडला. याच्या पापणीतही हालचाल नाही.

ऑफिसात मुलं पडद्याकडे सरकली. मग सर खुर्चीतून उठले. "आरं, नाव घे त्याचं! नाव घे, बाबा!" परदेशी कोच ऐकेना, तेव्हा सरांनी लॅपटॉपच्या पडद्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पूर्ण ताकदीने ओरडले, "सोम्या, ऊठ!" तीसेक मुलं त्यांच्यामागून ओरडली, "सोम्या, ऊठ!" खिडकीबाहेर स्वयंपाकाच्या मावशी पोळी लाटायचं सोडून धावत आल्या.

शेजारच्या खेळाडूने त्याला कोपराने ढोसलं. सोमनाथ उठला आणि धावत आत गेला.

"चूक माझी हाय," सर खाली बसत म्हणाले. "नावाशिवाय उठू नको, मीच शिकिवलं."

चार मिनिटांत त्याच्या पायाला बॉल तीनदा लागला. दोन साधे पास. तिसऱ्यांदा समोरचा गडी उजव्या कडेने वेगात आला आणि आत वळला. तो जिथे वळला तिथे सोमनाथ आधीच उभा होता. धावत आला नाही, झेपावला नाही, फक्त उभा होता. बॉल काढून घेतला, शेजारच्याला दिला. कॉमेंट्री करणाऱ्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. सामना संपला, आम्ही जिंकलो.

मुलं नाचत मैदानावर पळाली. सर रिकाम्या ऑफिसात बसून होते. "त्यो गडी सामनाभर तसाच आत वळत व्हता," ते मला म्हणाले. "शहाऐंशी मिनटं ह्यानं बसून बघितलं." मला एवढंच आठवतं की माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी तो लपवायला फाइल उघडली.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. सोमनाथ. मी फोन सरांपुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतले. "तूच बोल. मला ऐकू येत न्हाई फोनवर." त्यांना उत्तम ऐकू येतं.

"इचार, जेवला का?"

"जेवला सर."

"पाय दुखतोय का?"

"नाही म्हणतो."

सर पुढे वाकले. टेबलाची कड अंगठ्याने घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इचार, तिथं त्याला सोम्या म्हनतं का कुणी?"

मी विचारलं. "न्हाई मॅडम," सोमनाथ म्हणाला. "हितं नंबरच चालतो. पण आता नंबराला उठीन मी. सरांना सांगा."

मी फोनवर हात ठेवला.

"म्हणतात, सर," मी म्हणाले. "सगळे सोम्याच म्हणतात."

सरांनी मान हलवली. बाहेर मुलं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती, त्यांच्याकडे ते बघत राहिले.

"मंग टिकंल," ते म्हणाले.