घड्याळजींचा डबा कोण खातं?

सकाळी साडेनऊ वाजता गुन्ह्याची खबर आली: घड्याळजींचा जेवणाचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा घरी येत होता आणि घड्याळजी रोज थोडे थोडे कमी होत होते.

खबर घड्याळजींच्या मुलीने आणली होती. तिने ती खरं तर ताईला सांगितली, स्वयंपाकघरात, मन मोकळं करायला म्हणून. पण भिंतीपलीकडे दाजी होते.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. वीजमीटर तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गुप्तहेराच्या पदासाठी स्वतःकडेच अर्ज केला, मुलाखतही स्वतःच घेतली आणि त्यांची एकमताने निवड झाली. "माझी नजर म्हणजे क्ष-किरण," ते सांगत. "माणूस दारातून आत आला की त्याचं अख्खं चरित्र मला दिसतं." याच नजरेने त्यांनी मध्यंतरी दातांच्या डॉक्टरला खाटीक ठरवलं होतं. हा निष्कर्ष फारसा चुकला नव्हता, असं मेहुण्याचं मत होतं, कारण दाढ त्याची होती.

मेहुणा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. घराचं गळकं छत दुरुस्त होईपर्यंत चार दिवस राहायला आला आणि दाजींचा सहायक झाला. छत कधीच दुरुस्त झालं होतं. राजीनामा मंजूर होत नव्हता.

"पित्ताशयात खडे झालेत, काकू," मुलगी सांगत होती. "कळ आली की बाबा भिंतीला धरून उभे राहतात. ऑपरेशन करा म्हटलं, तर डॉक्टर म्हणतात, इतक्या खंगलेल्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही, आधी वजन भरू दे. मी डबा भरून देते. तो रिकामा येतो. मग जातं कुठे सगळं?"

"केस मी घेतली!" दाजी दारातून म्हणाले.

"दिली कुणी?" ताईने विचारलं.

तपास सुरू झाला. डब्याला चोरकप्पा आहे, हा पहिला सिद्धान्त. दाजींनी भिंगाखाली डबा तपासला आणि तो डबाच असल्याचं निष्पन्न झालं. मग मंद विषप्रयोगाची शक्यता पुढे आली. घड्याळजी संपले की चौकातल्या मोबाइलवाल्याचा फायदा होता, कारण आता लोक वेळ मोबाइलवर बघतात. मोबाइलवाल्याला घड्याळजी कोण हेच माहीत नव्हतं. "बघ, किती सराईत आहे," दाजी म्हणाले.

शेवटी वेषांतर करून पाळत ठेवायचं ठरलं. वेषांतर म्हणजे टोपी. रोज ऐन जेवणाच्या वेळी दाजी एखादं बंद घड्याळ घेऊन गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरत. दुकान कपाटाएवढं. शेजारच्या सलूनला कुलूप. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून डबा उघडत.

"या, बसा. घ्या दोन घास."

"छे, छे," दाजी म्हणत आणि स्टूल पुढे ओढत.

"अहो घ्या. एकट्याने काय खायचं!"

संशय येऊ नये म्हणून दाजी भात खात, संशय येऊ नये म्हणून भाजी खात. संशयाला अजिबात वाव राहू नये म्हणून डबा पुसून घेत. घड्याळजी चमच्याने भाताची दोन शितं इकडची तिकडे करत, गप्पा मारत आणि पोट भरलं म्हणत. मेहुणा दारात उभा राहून हे सगळं बघत असे.

"आजही डबा रिकामा!" घरी आल्यावर दाजी गरजत. "चोर माझ्या नाकाखालून खाऊन गेला!"

"दाजी, नाकाखाली म्हणजे—"

"मध्ये बोलू नकोस. विचारांची साखळी तुटते."

आठवडाभराने ताईने विचारलं, "तुम्ही हल्ली दुपारी घरी जेवत नाही?"

"तपासावर असतो."

"मग शर्टाची बटणं का ताणली आहेत?"

"तपास वाढलाय."

ताईने भावाकडे पाहिलं. त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे गुन्हेगाराने माझाच वापर केला!" दाजी हादरले.

"गुन्हेगार कसला! तुमच्या आधी पोस्टमन खात असेल, गिऱ्हाईकं खात असतील," ताई म्हणाली. "सलूनवाले मुलाकडे राहायला गेले तेव्हापासून घड्याळजी उतरले. इतकी वर्षं दोघं एका बाकावर बसून जेवायचे, एकमेकांच्या भाजीला नावं ठेवत. आता भांडायला कुणी नाही, घास उतरेल कसा?"

"हा पुरावा होत नाही."

"नसेल होत. उद्यापासून त्यांना जेवायला इथे आणा."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी संकोचून पाटावर बसले. दाजींनी पहिल्याच घासाला शेरा मारला, "मीठ कमी आहे."

"कमी?" घड्याळजींनी मान वर केली. "खारट आहे! जीभ दाखवून घ्या कुणाला तरी."

"माझी जीभ प्रशिक्षित आहे!"

"कशात, मीटर चाटण्यात? वहिनी, वाढा जरा भाजी. यांना दाखवतो."

भांडण भातापर्यंत चाललं आणि भात दोनदा घेतला गेला. मुलगी दाराशी उभी होती. पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

तेव्हापासून रोज पंगत बसते. दाजींच्या लेखी प्रकरण मंद विषप्रयोगाचंच असून आरोपी फरार आहे.

आज डॉक्टरांकडे घड्याळजींचं वजन होणार आहे. काट्यात कुणी फेरफार करू नये म्हणून दाजी टोपी घालून सोबत गेले आहेत. दुपारचे दोन वाजून गेले तरी फोन आलेला नाही. मुलगी ताईच्या स्वयंपाकघरात बसून आहे. ताईने पाचही ताटं मांडली आहेत, आणि कुणालाच अजून जेवायला बसू दिलेलं नाही.