टोयोटातली बाई

लायल प्रेबलने गाडीत बसून किल्ली फिरवली आणि नेहमीसारखा म्हणाला, "हो गं बाई, निघालोच." शेजारची हुइया कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा हातातच राहिला, कारण लायलच्या आधी एका बाईचा आवाज आला होता. गोड, अदबशीर आणि परका.

आता खरं सांगायचं तर ती बाई गाडीतच राहत होती. लायलच्या घरात बापाच्या काळापासून इंग्रजी गाड्या. शेवटची मोडली तेव्हा गॅरेजवाला बेव्हन म्हणाला, "हौस पुरे झाली, जपानहून आलेली जुनी टोयोटा घे. निम्मा गाव तीच घेतो. पार्ट मिळतो, मला डोळे मिटून दुरुस्त करता येते, आणि उद्या विकलीस तर घेणारा दारात उभा. लोक लग्न करताना एवढं बघत नाहीत!"

लायलने घेतली. रेडिओवर इथली निम्मी स्टेशनं लागेनात, पण गाडी चालू केली की ती बाई जपानीत एक वाक्य बोलायची. बायको नोलीन जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून 'कसं काय?' एवढं ऐकायला हा माणूस दिवसातून दोनदा दुकानात जाऊन एकेक पाव आणायचा. सकाळी उठून कुणीतरी आपल्याशी बोलतंय म्हटल्यावर उत्तर द्यायला नको? ती 'सांभाळून जा' म्हणत असणार, असं त्याने आपलं ठरवून टाकलं.

दुपारी हुइया दारात हजर. हातात अंड्याचं सारण भरून भाजलेला गरमागरम 'पाय'.

"कोण रे ती?"

"कोण कोण?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. कानांनी ऐकलंय मी. जपानी आहे ना? हा पाय तिच्यासाठी आहे. तुलाही दे म्हणावं थोडा."

दोन वर्षांत त्या दारात गरम काही आलं नव्हतं. लायलने दारातच एक तुकडा मोडला, आणि पहिल्या घासाबरोबर खरं गिळून टाकलं. "लाजाळू आहे गं ती," तो म्हणाला.

झालं! टेमुकासारख्या छोट्या गावात बातमीला पाय लागत नाहीत, चाकं असतात. शुक्रवारी बोलिंग क्लबात चौघांनी त्याची पाठ थोपटली. ज्यांनी नोलीनच्या मागे त्याला चहालाही विचारलं नव्हतं, ते 'दोघं या ना एकदा' म्हणू लागले. लायलला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून भीतीही वाटायला लागली. खरं कळलं की हसतील, आणि हसून झालं की पुन्हा विसरतील.

"रविवारी जेवायला," हुइयाने फर्मान काढलं. "कोकराची तंगडी भाजतेय. तिला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस. तिला बोलायला कुणी हवं, म्हणून शाळेत जपानी शिकवणाऱ्या साचिको बाईंनाही बोलावलंय."

लायलची पाचावर धारण बसली. तरी रविवारी तो गेला, चालत तीस पावलं होती तरी गाडी घेऊन. अंगणात हुइया, बेव्हन आणि साचिको बाई उभ्या. बाईंनी केसांना नवी पिन लावली होती आणि रुमालात बांधलेला डबा दोन्ही हातांनी धरला होता.

"कुठाय?" हुइया गाडीत डोकावली.

लायलने डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. बाई बोलली.

आधी कुणालाच कळेना. मग बेव्हन पोट धरून बॉनेटवर आडवा झाला. "अरे, ही तोडायची राहिली! गाडी आली की पहिल्या दिवशी मी तिची वायर कापतो!"

"काय म्हणते ती?" लायलने बाईंना विचारलं. त्याला तेवढं तरी हवं होतं.

"कार्ड घातलेलं नाही," साचिको बाई हळूच म्हणाल्या. "तिकडच्या टोलनाक्याचं."

"रोज हेच?"

"रोज हेच."

लायलचे कान लालबुंद झाले. हुइया हसत नव्हती, हाताची घडी घालून बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं. "उद्या आण," बेव्हन डोळे पुसत म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे." लायलने मान डोलावली आणि गाडी घराकडे वळवायला गिअर टाकला.

"नका तोडू!"

साचिको बाई एवढ्या मोठ्यांदा कधी बोलल्या नव्हत्या. त्या दार उघडून शेजारच्या सीटवर येऊन बसल्या, डबा मांडीवर ठेवला. "अकरा वर्षं झाली मला या गावात," त्या म्हणाल्या. "मुलांना एक ते दहा आकडे शिकवते. काल डबा करताना मी कायकाय बोलायचं त्याची यादी केली होती. पुन्हा एकदा चालू कराल?"

लायलने बंद करून चालू केली. बाई बोलली. साचिको बाईंनी मान लववली आणि जपानीत बोलायला लागल्या, ते थांबेचनात. मध्येच हसल्या, मध्येच नाक पुसलं.

"काय सांगितलंत एवढं?" लायलने विचारलं.

"कार्ड नाही, म्हटलं. पण तुम्ही बोलत राहा."

लायलने पुन्हा किल्ली फिरवली. हुइया बेव्हनला घेऊन केव्हाच आत गेली होती. आता तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून विचारलं, "अरे, तंगडी गार होतेय! तिघंही येताय ना जेवायला?"