जगन्नाथकाकांचा राखीव साठा

दुकानातला फोन वाजला की जगन्नाथकाका आधी देवाच्या फोटोकडे बघतात, मग फोनकडे, आणि मग मला म्हणतात, "तू घे." पंचवटीत आमचं रुग्णसाहित्य भाड्याने द्यायचं दुकान आहे. खाटा, व्हीलचेअर, ऑक्सिजनची मशीनं. फोन येतो तो एकतर मशीन हवंय म्हणून, नाहीतर न्यायला या म्हणून. काकांना दोन्हींची धास्ती. हवंय म्हणाले आणि आपल्याकडे नसलं तर? आणि न्यायला या म्हणाले तर पेशंट बरा झाला म्हणून, की... पुढचं वाक्य काका कधीच पुरं करत नाहीत.

वडिलांच्या वेळेपासून गोदाम काकाच सांभाळतात. अंगाने काटकुळे, स्वभावाने महाघाबरट. मे महिन्यात गोदावरीला घोटाभर पाणी नसतं, तरी पुराच्या भीतीने ते मशीनं माळ्यावर चढवून ठेवतात. ती उतरवायला मग मी.

मध्यंतरी मी कम्प्युटर आणला. कुठलं मशीन कुणाकडे आहे, अंदाजे कधी परत येईल, हे धरून जवळ किती राखीव ठेवायची ते तो सांगतो. परत येणारी मोजली की राखीव कमी लागतात, असं मी समजावलं. काका हबकले.

"आणि नाही आलं तर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं. मग एकदा हळूच म्हणाले, "नंदू, देवळाली कॅम्पचं मशीन सोमवारी येईल म्हणतोय हा. म्हणजे तिथल्या आजोबांचं काय होईल म्हणतोय?"

मी चिडून चहा मागवला.

मग काकांनी गनिमी कावा केला. एका चांगल्या मशीनवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवून ते खाटांमागे दडवलं. नादुरुस्त माल कम्प्युटर मोजत नाही, म्हणजे अडीनडीला हक्काचं एक राहिलं. घाबरून हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आमच्या मेकॅनिकलाही नाही. त्याने चिठ्ठी वाचली आणि मशीन खोलून त्याचे भाग दुसऱ्यांना बसवून टाकले.

हे कळलं सोमवारी दुपारी. नांदगावचा एक माणूस आईला हॉस्पिटलमधून घरी नेत होता. ॲम्ब्युलन्स आमच्या दारात उभी, कारण घरी मशीन लावल्याशिवाय तिला नेऊन उपयोग नव्हता. देवळालीचं मशीन सकाळीच यायचं होतं. मी फोन लावला. आजोबांना अजून लागतंय, असं त्यांची सून म्हणाली. ते ऐकून काकांना इतका आनंद झाला की दारातलं संकट क्षणभर विसरलेच. मग "माझं आहे" म्हणत खाटांमागे गेले आणि पोकळ सांगाडा हातात घेऊन बाहेर आले. चेहरा पांढराफटक.

मी इतर दुकानदारांना फोन केले. कुणाकडे नव्हतं.

"साहेब, डायवर म्हणतो सिलेंडर लय टिकणार नाय," तो माणूस म्हणाला. आत त्याची आई दाराकडे टक लावून बघत होती.

काका रिक्षात बसून निघून गेले. मला वाटलं, भिऊन पळाले.

ते परतले ते मांडीवर मशीन घेऊन. निर्मलाकाकूंचं, त्यांच्या आजारपणात दुकानातूनच नेलेलं. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण मशीनचं विचारायचं धाडस मला कधी झालं नव्हतं. ते पुसून लख्ख होतं, फिल्टरही नवा.

"चालू आहे ना काका?"

"रोज रात्री लावतो," ते म्हणाले. "घरात कुणी श्वास घेतंय असं वाटतं."

मग त्या माणसाला कसं लावायचं ते दोनदा दाखवलं, हे थोडा आवाज करतं पण घाबरायचं नाही असं सांगितलं, आणि ॲम्ब्युलन्स वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

संध्याकाळी मी शटर ओढत होतो. काका शेजारीच घुटमळत होते.

"नंदू," ते म्हणाले, "आज तुमच्याकडे झोपायला आलो तर चालेल का रे?"