टाइप करणाऱ्याचं मत

हिमानी कानिटकर अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी बर्फावर घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पीएचडीचा प्रबंध सहा वर्षं रखडलेला. शेवटचं प्रकरण शुक्रवारी आलं नाही तर सगळंच बंद, असं प्रोफेसरबाईंनी बजावलं होतं. म्हणून ती तोंडी सांगणार आणि टायपिंगला बाबा बसणार, असं ठरलं. देवदत्त कानिटकर सॉफ्टवेअरमधले, पण नोकरी गेल्यापासून घरीच होते. रिकामा बाप किती मदत करू शकतो, याची हिमानीला कल्पना नव्हती.

विषय मध्ययुगातल्या नन्सचा. नन सांगायची आणि मठातला साधू ते लॅटिनमध्ये उतरवून घ्यायचा. उतरवताना त्यानं स्वतःचं किती घुसडलं, हे हिमानी शोधत होती.

"म्हणजे तिच्या अप्रूव्हलशिवायच फायनल?" बाबांनी विचारलं.

"बाबा, प्लीज. जस्ट टाइप."

"पण तो बिचारा थंडीत बसून लिहितोय, त्याचं कुणीच काही बोलत नाही."

"बाबा!"

सांगून सांगून तीन दिवसांत तिचा घसा बसला. वाचून बघण्याचंही त्राण उरलं नाही. "पाठवून दे," म्हणाली आणि भर दुपारी झोपली.

सोमवारी प्रोफेसरबाईंची मेल आली. प्रकरण मंजूर! फक्त एक शंका होती, तळटीपांमधले हे डी. के. कोण?

हिमानीनं फाइल उघडली. सतरा तळटीपा तिच्या नव्हत्याच. 'साधूची बाजू ऐकलेली नाही. डी. के., १२ फेब्रुवारी २००३.' 'हा दावा टेस्ट केलेला दिसत नाही. डी. के., १३ फेब्रुवारी २००३.'

"बाबा, हे काय आहे?"

"कॉमेंट्स. तुझ्या एका शब्दाला हात लावला नाही हं! पटलं नाही की खाली नाव-तारीख टाकून लिहायचं, ही आमची सॉफ्टवेअरवाल्यांची पंचवीस वर्षांची शिस्त."

मेलच्या शेवटी डी. के. यांना एप्रिलमध्ये विभागात व्याख्यानाचं आमंत्रण होतं.

"आठशे वर्षांत काही बदललं नाही," हिमानी आईला म्हणाली. तिला खरंच रडू येत होतं. पण आई व्याख्यानासाठी बाबांचा कोट शोधायला केव्हाच आत गेली होती.

"मला बोलता येतं गं, व्याख्यान लिहायला जमत नाही," बाबा अजिजीनं म्हणाले. "मी सांगतो, तू लिहून घे."

हिमानीनं डाव्या हातात पेन धरलं. एका अक्षराचाही फरक करायचा नाही, असं तिनं मनाशी पक्कं ठरवलं. पहिल्या वाक्यातले दोन शब्द मात्र तिनं बाबांना न सांगता बदलले.