गुडघा कोणावर गेला

धाकट्याचं नाक आजोबांवर गेलं, ही बातमी थोरलीला सोफ्याच्या मागे बसलेली असताना कळली.

थोरली तीन वर्षांची होती. धाकटा येईपर्यंत घरात तिला पिल्लू म्हणत. तो दवाखान्यातून घरी आला त्या दुपारी तिला एकदम थोरली करण्यात आलं. बढती मोठी होती, पण दिव्याच्या बटणापर्यंत हात अजून पोचत नव्हता.

ती सोफ्याच्या मागून बाहेर आली आणि आधी पाळण्यात डोकावली. नाक जागेवर होतं. मग ती आजोबांकडे गेली.

"आजोबा, बाळाचं नाक तुमच्यावर गेलं?"

"गेलं की! थेट माझ्यावर."

"कधी गेलं?"

"जन्मतःच."

थोरलीने आजोबांचं नाक समोरून बघितलं, बाजूने बघितलं आणि परवानगी काढून खालूनही बघितलं. नाक एकच होतं. म्हणजे आजोबांचं जुनं नाक कुठेतरी काढून ठेवलेलं असणार. ते कुठे, हे विचारायचं तिने मनात टिपून ठेवलं, कारण तेवढ्यात वाटप पुढे सरकलं होतं.

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. आयुष्यभर जमिनींची मोजणी करून निवृत्त झालेले. समोर काहीही ठेवलं तरी त्याची हद्द ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. समोर मावशी होती, आईची मोठी बहीण. ती एका दुकानात बरण्या आणि डबे विकायची, त्यामुळे तिला घासाघिशीची सवय होती.

"नाक तुम्ही घेतलंत, घ्या," मावशी म्हणाली. "पण कपाळ आमच्याकडचं. कसं भरलंय बघा."

"कपाळ देतो. भुवया मात्र आमच्या. आणि कान."

"डावा कान आमच्या दादासारखा आहे हो. दुमडलेला."

"मग डावा तुमचा. उजव्याबद्दल बोलायचं नाही."

"उजवा ठेवा. पण हनुवटी आणि दोन्ही हातांची बोटं आमची."

"मनगटापर्यंत," आजोबा म्हणाले. "त्याच्या वर आमची हद्द."

आई बसल्या बसल्या डोळे उघडे ठेवून पेंगत होती. "माझी फक्त झोप गेलीय," ती म्हणाली. "ती कोणावर गेलीय, कोणास ठाऊक."

"आणि माझ्यावर?" थोरलीने विचारलं. "माझ्यावर काय गेलं?"

सगळे हसले. "अगं वेडाबाई," मावशी म्हणाली, "तुझ्यावर कसं जाईल? तूच तर बाबांवर गेलीस. अख्खी!"

थोरलीने बाबांकडे बघितलं. बाबा दुधाच्या बाटलीला थर्मासचं झाकण बसवत होते. ते बसत नव्हतं आणि बाबा त्याला "बस, बस" असं समजावत होते. एवढी मोठी मुलगी आपल्यावर गेलीय, याचा त्यांना पत्ता असल्याचं काही दिसत नव्हतं.

मंडळी चहाला स्वयंपाकघरात गेली तेव्हा थोरली पाळण्यापाशी थांबली. बाळ सगळ्यांचं होतं आणि त्यात तिचं काही नव्हतं, हे काही बरोबर नव्हतं. तिने उरलंसुरलं तपासायला घेतलं. केस धरायला नव्हतेच. पोट आईने सकाळी "अगदी माझ्यासारखं सुटलंय" म्हणून घेऊन टाकलं होतं. पावलं आजोबांनी "मोजणीदाराची" म्हणून आधीच ताब्यात घेतली होती. तिने दुपटं आणखी थोडं बाजूला केलं आणि तिला डावा गुडघा दिसला.

गुडघ्याचं नाव कोणीच काढलं नव्हतं. तिने तो नीट बघितला. कोरा होता. एक खरचटणं नाही, एक खपली नाही. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या मानाने हा तर अजून वापरायला काढलेलाच नव्हता. तिने बोटाने दाबला, तर तो आत गेला आणि परत आला. फारच चांगला गुडघा होता.

आता प्रश्न एवढाच होता की तो आपला आहे हे लोकांना कळायचं कसं. थोरलीच्या बालवाडीत वाचता येणारं कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येकाला एकेक खूण दिलेली होती. थोरलीची खूण मासा. ज्या चपलांवर मासा त्या तिच्या, ज्या पेल्यावर मासा तो तिचा. त्यावर कोणी भांडत नसे.

बाबा घरसामान हलवणाऱ्या कंपनीत खोक्यांवर नावं घालायचं काम करत. त्यांच्या खिशात नेहमी एक निळा मार्कर असे. खोकं पावसात भिजलं तरी नाव जाणार नाही, अशी त्याची ख्याती होती. त्यांचा शर्ट खुर्चीवर लटकत होता. थोरलीने मार्कर काढला, आधी स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर चालवून बघितला, पक्का आहे अशी खात्री केली, आणि मग कामाला लागली.

माशाचं पोट झालं, डोळा झाला, शेपटी सुरू झाली आणि धाकट्याने पाय झाडला. मग पुन्हा झाडला. शेवटी जे उरलं ते निळं होतं आणि मोठं होतं. मासा होता हे फक्त थोरलीला माहीत होतं. तिने मार्कर खिशात परत ठेवला, कारण वस्तू जागच्या जागी ठेवायची असते.

थोड्या वेळाने लंगोट बदलताना आई म्हणाली, "अरे, जरा इकडे ये." मग लगेच म्हणाली, "पळत ये!"

बाबा आले. गुडघा बघितला. ओल्या फडक्याने पुसला. गुडघा आणखी चकचकीत निळा झाला. तो निळा रंग बाबांना फार ओळखीचा वाटला. पण धाकटा आल्यापासून त्यांना शेजाऱ्याचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

"हा रंग मी रोज बघतो," ते म्हणाले. "कुठे बघतो, तेवढं आठवत नाहीये."

"रक्त थांबलंय गं त्या पायातलं!" मावशी ओरडली. "तुमच्याकडे आहे का असलं काही?" हे आजोबांना.

आजोबांनी चष्मा लावला आणि लगेच काढला. "आमच्याकडे निळं काही नाही. आणि गुडघा माझ्या हद्दीत कधीच नव्हता. मी पावलं घेतली होती. घोट्यापर्यंत."

"म्हणजे आमचा?"

"मी तसं म्हटलं नाही. कंबरेखालचं तुम्ही काहीच मागितलं नव्हतंत, एवढंच सांगतोय."

"मग झालं तर! आमचा नाहीच. आमच्याकडचे गुडघे आजवर एकदासुद्धा कुरकुरले नाहीत."

मघाशी ज्या बाळाच्या भुवईवरून घासाघीस चालली होती, त्याच्या गुडघ्याला आता दोन्ही घरांत वाली उरला नाही. तेव्हा थोरली पुढे आली.

"तो माझ्यावर गेलाय," ती अभिमानाने म्हणाली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. मग आईने सावकाश तिचा फ्रॉक गुडघ्याच्या वर उचलला.

"हिलापण!" आईचा आवाज चिरकला. "अरे, हिलापण तिथेच आहे! डाव्याच!"

"घराण्यातलं आहे," आजोबा खुर्चीत बसत म्हणाले. "पण आमच्यातलं नाही."

बाबांनी त्याच शर्टात हात घातले, किल्ल्या घेतल्या, आणि सगळी वरात गाडीत कोंबली गेली. मावशीने धाकट्याचा पाय धरून ठेवला होता, निळेपणा वर चढू नये म्हणून. थोरली खुशीत होती. एका गुडघ्यासाठी एवढे लोक बाहेर पडतील असं तिला वाटलं नव्हतं.

मुलांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी धाकट्याचा गुडघा दिव्याखाली धरला. मग थोरलीचा बघितला. मग पुन्हा धाकट्याचा.

"कधीपासून आहे?"

"तिला कधीचं असेल कोणास ठाऊक, आमचं लक्षच नव्हतं!" आई रडवेली झाली. "धाकटा आल्यापासून तिच्याकडे लक्षच गेलं नाही हो माझं."

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला डोळा आहे."

"कोणाला?"

"गुडघ्याला." त्यांनी थोरलीला उचलून टेबलावर बसवलं. "काय गं, हे काय आहे?"

"मासा," थोरली म्हणाली. "हा हलला म्हणून तसा झाला."

"आणि गुडघ्यावर कशाला काढलास?"

"बाकीचं सगळं संपलं होतं," थोरलीने सांगितलं. "नाक आजोबांनी घेतलं, कपाळ मावशीने घेतलं, पोट आईने घेतलं. एवढंच उरलं होतं."

बाबांनी खिशाला हात लावला, मार्कर बाहेर काढला आणि त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू हरवलेला भाऊ भेटला. आजोबांनी आपलं नाक पुसलं. हल्ली ते कोणाचं होतं, कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा भिजवला, तशी थोरली घाबरली. "पुसू नका! मग तो माझा कसा राहील?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी मोठ्या माणसांकडे बघितलं. "या गुडघ्यावर आणखी कोणाचा हक्क आहे?"

"माझा नाही," आजोबा म्हणाले. "मघाशी स्पष्टच सांगितलंय."

"आमचा पण नाही," मावशी डोळे पुसत म्हणाली.

"ऐकलंस? साक्षीदार आहेत. आता पुसला तरी तुझाच."

थोरलीने यावर विचार केला. "आणि तो मोठा झाला की?"

"तरी तुझाच."

"त्याच्यावर खपली आली की?"

"खपलीसकट."

मग तिने पुसू दिलं.

परत येताना गाडीत धाकट्याने जो सूर लावला तो थांबेना. मावशीने खुळखुळा वाजवून बघितला, आजोबांनी शीळ घालून बघितली, बाबांनी सिग्नलला उगाचच गाडी पुढेमागे हलवून बघितली. शेवटी आई मागे वळून म्हणाली, "अगं, तू तरी बघ ना गं. मोठी ना तू?"

थोरलीने दुपट्याखाली हात घातला आणि डावा गुडघा चाचपून बघितला. अंमळ थांबून पुन्हा चाचपला.

"माझा भाग रडत नाहीये," ती म्हणाली. "बाकीचं ज्याचं त्यानं बघा."