शब्बाथ, सुब्बोता आणि साठ लाडू

रविवारच्या उपासनेसाठी केलेले साठ रव्याचे लाडू शनिवारीच संपले, आणि तेही देव न मानणाऱ्या माणसांनी संपवले. शकुन रणभिसेच्या घरी पाहुण्यांना एक लाडू कमी पडला असं आजवर कधी झालं नव्हतं. त्यामुळे हे कसं घडलं ते नीट सांगायला हवं.

शकुनचे यजमान रेव्हरंड शरच्चंद्र रणभिसे यांना नगरच्या मिशन मंडळाने एकाहत्तर साली कलकत्त्याला धाडलं. तिथे विखुरलेल्या मराठी ख्रिस्ती लोकांना गोळा करून मंडळी उभी करायची, असं काम. पाळकसाहेबांनी दोन वर्षं ट्रामने आणि पायी सगळं शहर पालथं घातलं आणि पाच माणसं गोळा केली. नर्स श्यामला, हावड्याचे रेल्वे गार्ड जयप्रकाश, त्यांची बायको, आणि फोर्ट विल्यमच्या लष्करी छावणीतले दोन हवालदार. गार्डांची ड्यूटी नेमकी रविवारी लागे. हवालदारांची बदली नेमकी सगळी गीतं पाठ झाली की होई.

एंटाली भागातल्या एका बंगाली शाळेच्या वरच्या मजल्यावर दोघांच्या दोन खोल्या होत्या आणि खालचा हॉल रविवारपुरता मिळत असे. क्रूस, गीतांची पुस्तकं आणि अर्पणाची थैली एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेली असत. रविवारी ट्रंक खाली न्यायची, उपासना झाली की वर आणायची. कलकत्त्याची सगळी मराठी मंडळी त्या एका ट्रंकेत मावत होती, आणि तरी जागा उरत होती.

पाळकसाहेब सकाळी आठला माणसं शोधायला बाहेर पडत. त्यानंतर शकुन दिवसभरात फक्त मासेवाल्याशी बोले. तिला बंगालीचे चार शब्द येत, त्यातले तीन माशांची नावं होती. महाराष्ट्र मंडळातल्या पुष्पाताई एकदा रस्त्यात भेटल्या आणि कळवळून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला हळदीकुंकवाला बोलवायचं होतं हो! पण तुम्हाला चालतं की नाही, ते विचारायचं राहून गेलं." शकुनला चाललं असतं. तिला काहीही चाललं असतं. शकुनची बारा वर्षांची लेक लीना नगरला वसतिगृहात होती आणि दर आठवड्याला पत्र लिहायची. पत्रात भूगोलाचे मार्क असत आणि शेवटी 'इकडील सर्व क्षेम' असं लिहिलेलं असे, जणू पोरगीच आईबापांची आई.

अशात एकदा दुपारी वीज गेलेली असताना दोघांना रशियन संस्कृती केंद्राचा शोध लागला. तिथे जनरेटर होता, म्हणून पंखे चालत. दोघं पंख्यासाठी आत गेली आणि चित्रपट बघून बाहेर आली. मग कळसूत्री बाहुल्या झाल्या, सर्कस झाली, नाचाचे प्रयोग झाले. पाळकसाहेबांना तिथल्या वाचनालयातला बुद्धिबळाचा पट लाभला. शिवाय गुळगुळीत कागदाची मासिकं फुकट मिळत. त्यांनी त्यातल्या पानांची गीतांच्या पुस्तकांना कव्हरं घातली, त्यामुळे हवालदार ट्रॅक्टर हातात धरून देवाची स्तुती करू लागले.

शकुन गुरुवारी रशियन भाषेच्या वर्गाला बसू लागली. शिकवणाऱ्या बाई ल्युदमिला पेत्रोव्ना मॉस्कोत पुस्तकांवरून हिंदी शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांची हिंदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखी होती. शकुनची हिंदी नगरच्या बाजारातली.

"आपके पधारने से मैं अत्यंत प्रसन्न हूँ," ल्युदमिला म्हणायच्या.

"आप बैठो ना, मैं च्या लाती," शकुन म्हणायची.

ल्युदमिलांचीही मुलगी आजीपाशी मॉस्कोत होती. दोघींनी एकमेकींना फोटो दाखवले. त्या दिवशी कुठल्याच हिंदीची गरज लागली नाही.

फेब्रुवारीत मंडळाचं पत्र आलं. सेक्रेटरी दिनकरराव गोर्डे तपासणीला येत आहेत. रविवारच्या उपासनेला निदान पंचवीस माणसं दिसली नाहीत, तर कलकत्त्याचं काम बंद करून पाळकांना परत बोलवण्यात येईल.

परत म्हणजे नगरला. नगर म्हणजे लीना. शकुन मोठ्याने पंचवीस माणसांसाठी प्रार्थना करू लागली, आणि मनातल्या मनात म्हणू लागली, प्रभो, चोवीसच येऊ देत.

पाळकसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "शकुन, 'पंचवीस माणसं' असं लिहिलंय. मराठी असं कुठे लिहिलेलं नाही."

"मग काय मासेवाल्याला बसवणार?"

"रशियन बसवतो. गाणी ऐकायला या, असं म्हणायचं. खोटं नाही त्यात. गीतं म्हणजे गाणीच की."

आता मराठी ख्रिस्ती माणूस रविवारला शब्बाथ म्हणतो. मूळचा शब्बाथ शनिवारचा, हे सेमिनरीत इब्री, म्हणजे हिब्रू, शिकलेल्या पाळकसाहेबांना पक्कं ठाऊक होतं, पण पन्नास वर्षांच्या सवयीपुढे इब्रीचं काही चाललं नाही. केंद्राच्या जिन्यात त्यांनी ल्युदमिलांना गाठून विचारलं, "शब्बाथ को रूसी में क्या बोलते हैं?"

"सुब्बोता," ल्युदमिला म्हणाल्या. प्रश्न बरोबर होता आणि उत्तरही बरोबर होतं.

"बघ, बघ!" पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले. "शब्द जसाच्या तसा राहिलाय! मी केंद्रातल्या फळ्यावर त्यांच्या लिपीत लिहून आलो. मराठी गाणी, चहा, लाडू. सुब्बोता, चार वाजता."

शकुनचा वर्ग अजून आकड्यांवरच होता, वारांपर्यंत पोचला नव्हता. तिने मान डोलावली आणि रवा भाजायला घेतला.

शनिवारी पाळकसाहेब दुपारीच सेक्रेटरींना आणायला हावडा स्टेशनवर गेले. पावणेचार वाजता शकुन पदर खोचून उद्याच्या उपासनेसाठी हॉलमधली बाकं पुसत होती, तोच दारात सावली पडली. ल्युदमिला फुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे त्यांचे इंजिनियर यजमान, त्यांच्यामागे समोवार उचललेला एक धिप्पाड गृहस्थ, एक ॲकॉर्डियन, आणि वर्गातली बंगाली मंडळी धरून एकूण एकोणतीस माणसं. शकुनने ती मोजली. आजकाल ती काहीही मोजत होती.

"कल! कल!" ती हात हलवत म्हणाली. "आज नहीं! कल!"

ल्युदमिलांचा चेहरा पडला. कल म्हणजे होऊन गेलेलाही दिवस, एवढी हिंदी त्यांना येत होती. "कल? कार्यक्रम संपन्न हो चुका? हमसे घोर भूल हुई!" त्यांनी मागे वळून ते रशियनमध्ये सांगितलं. समोवारवाल्या गृहस्थाने समोवार खाली ठेवून कपाळाला हात लावला. एक म्हातारे बंगाली प्राध्यापक तर माफी मागू लागले.

एवढी माणसं दारात इतकं वाईट वाटून घेतायत म्हटल्यावर त्यांना परत पाठवणं शकुनला जमलं नाही. "आव आव, बैठो," ती म्हणाली आणि दोन-दोन लाडू पुढे करावेत म्हणून वर गेली. दोन-दोन म्हणता डबा रिकामा झाला. समोवारमधला चहा निघाला. आता मराठी गाणं हवं, असा आग्रह सुरू झाला. शकुनने लाजत लाजत लीनाला झोपवताना म्हणायची ती अंगाई म्हटली. ती संपल्यावर ल्युदमिलांनी आपल्या मुलीची म्हटली.

त्या दुसऱ्या कडव्यावर असताना दारात टॅक्सी थांबली.

दिनकरराव गोर्डे टोपी हातात घेऊन उंबऱ्यावरच थबकले. भरलेला हॉल, गोरी माणसं, आणि पुढे डोळे पुसत गाणारी एक बाई. "पाळकसाहेब," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे आज, शनिवारी?"

"मला वाटतं, चुकून आलेत," पाळकसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांच्या डोक्यात एव्हाना इब्रीचा प्रकाश पडत होता.

"प्रभूच्या कामात चुकून काही होत नसतं." दिनकरराव सरळ पुढे गेले, हात उंच करून त्यांनी डोळे मिटले आणि मराठीत प्रार्थना सुरू केली.

रशियनांना त्यातलं काही कळलं नाही. पण एक वयस्क माणूस उभा राहून डोळे मिटून बोलतोय म्हटल्यावर सगळे ताडकन उठले आणि माना खाली घालून उभे राहिले. प्रार्थना सात मिनिटं चालली. एकही जण हलला नाही.

ल्युदमिला हळूच शकुनजवळ सरकल्या. "शकुन जी," त्या कुजबुजल्या, "किसका देहांत हुआ?"

"किसीका नहीं."

"फिर आप रो क्यों रही हैं?"

एकोणतीस माणसं आली, म्हणून. आता नगर नाही, म्हणून. एवढं सांगायला शकुनकडे हिंदी नव्हती. "धुआँ," ती म्हणाली आणि समोवारकडे बोट दाखवलं. ल्युदमिलांनी समोवारकडे पाहिलं. निखारे केव्हाच विझले होते. त्यांनी शकुनचा हात धरला, तो आमेनपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी खराखुरा शब्बाथ उजाडला. ट्रंक खाली आली. नर्स श्यामला आली, गार्डांची बायको आली. गार्ड ड्यूटीवर होते. हवालदार निम्म्या उपासनेत आले आणि आत येताच त्यांनी सेक्रेटरींना सॅल्यूट ठोकला. चार माणसं. लाडू नव्हते म्हणून शकुनने सकाळी पोहे केले, तेही उरले.

दिनकररावांनी गीताच्या पुस्तकावरचा ट्रॅक्टर निरखून पाहिला. "वा! त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती?"

आता मात्र शकुनला राहवेना. "साहेब, ती माणसं उपासनेला नव्हती हो आली. गाण्याला आली होती."

"बाई, उपासनेलासुद्धा सगळे गाण्यालाच येतात," दिनकरराव म्हणाले. मग वही मिटून गंभीर झाले. "पण मराठी मंडळी चारच. पाळकसाहेब, वाईट वाटतं, पण इथलं काम बंद करावं लागेल."

पाळकसाहेब क्रूस फडक्यात गुंडाळत होते, आणि नेहमीपेक्षा फार सावकाश गुंडाळत होते. शकुन चहा करायला वर गेली. चहात तिने दोनदा साखर घातली. मग नवऱ्याची गुंडाळणारी बोटं आठवली, आणि तिला स्वतःची शरम वाटली.

हुकूम येईपर्यंत सात आठवडे गेले. रविवार मोकळे पडले होते. ल्युदमिला दर रविवारी सकाळी दाराशी येऊ लागल्या. तिघं बोटीने शिबपूरला जाऊन बागेतल्या अवाढव्य वडाखाली डबा खात, कधी प्राणिसंग्रहालयात जात, कधी नुसती नदीकाठी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांची रशियन नावं शिकत. पाळकसाहेब हरलेल्या माणसासारखे निघत आणि परतताना शीळ घालत. एकदा ल्युदमिलांनी बोटांवर वार मोजून दाखवले. सुब्बोता म्हणजे शनिवार, आणि रविवार म्हणजे वस्क्रिसेन्ये. निघताना त्या म्हणायच्या, "दा वस्क्रिसेन्या." पुढच्या रविवारपर्यंत.

पाळकसाहेबांनी वाचनालयातला शब्दकोश उघडला आणि शब्दावर बोट ठेवलं. "शकुन! वस्क्रिसेन्ये म्हणजे पुनरुत्थान! एका इकाराचा काय तो फरक. देव नाही म्हणणारी माणसं दर आठवड्याला पुनरुत्थान म्हणतात, आणि यांना पत्ता नाही!"

"असू दे," शकुन म्हणाली. "सांगू नका त्यांना. नाहीतर वार बदलतील."

शकुन ट्रंक धुऊन, उन्हात वाळवून बसली होती. लीनाला तिने लिहिलं होतं, जूनपासून घरून शाळेत जाशील. मग मंडळाचं पत्र आलं.

पाळकसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं. "'रशियन बांधवांमध्ये आपणांस लाभलेले असाधारण यश सेक्रेटरींनी प्रत्यक्ष पाहिले आहे. बोकारो येथे पोलाद कारखान्यावर शेकडो रशियन कुटुंबे आहेत. सबब आपली नेमणूक बोकारो येथे...'" पुढचं त्यांनी मनात वाचलं.

शकुनने वाळलेल्या ट्रंकेचं झाकण लावलं.

"तिथे मासे मिळतात का?" शकुनने विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग बोलायचं कुणाशी?"

सोमवारी सकाळी हावड्याला ल्युदमिला निरोप द्यायला आल्या. हातात एक डबा होता. "मैंने स्वयं बनाए हैं," त्या म्हणाल्या. आत रव्याचे लाडू होते. गाडी सुटली तशा त्या खिडकीबरोबर चार पावलं चालल्या आणि सवयीने ओरडल्या, "दा वस्क्रिसेन्या!"

पाळकसाहेबांनी टोपी काढली. "पुनरुत्थानापर्यंत," ते हळूच म्हणाले.

"अहो, ती रविवार म्हणतेय."

"माहीत आहे मला."

फलाट संपला. शकुनने डबा उघडून एक लाडू उचलला आणि दोघांत वाटायला मोडू लागली. मोडेना. तिने तो खिडकीच्या गजावर आपटला. गज वाजला, लाडू तसाच.

"राहू दे," पाळकसाहेब म्हणाले. "रविवारपर्यंत होईल मऊ."

"कुठल्या?" शकुनने विचारलं.

तिने लाडू पदराने पुसला, परत डब्यात ठेवला, आणि झाकण घट्ट लावून डबा मांडीवर घेतला.